‘बघू’ या उत्तराचे काय करायचे?

कचेरीतल्या आणि कारखान्यातल्या प्रश्नांसाठी असलेल्या या सदरात या महिन्यात चार पत्रे घेतली आहेत. ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून तळोज्यापर्यंतच्या पट्ट्यातून ती आली आहेत आणि चौघांचीही तक्रार एकच आहे : महत्त्वाचा निर्णय होत असतो, तेव्हा वरची माणसे आमचे ऐकत नाहीत. पत्रलेखकांची आणि कंपन्यांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : मी रबाळे एमआयडीसीतील एका कारखान्यात मेंटेनन्स मॅनेजर आहे. आमचा ७५ किलोवॅटचा कॉम्प्रेसर सोळा वर्षांचा झाला आहे. व्हीएफडी (हवेच्या गरजेप्रमाणे मोटरचा वेग कमी-जास्त करणारी यंत्रणा) असलेला नवा कॉम्प्रेसर २९ लाखांना मिळतो आणि त्यामुळे १८ टक्के वीज वाचते. दीड वर्षात मी हा प्रस्ताव तीन वेळा मांडला. शेवटच्या वेळी ३४ स्लाइडचे प्रेझेंटेशन केले, तर एमडी साहेबांनी सातव्या स्लाइडला फोन हातात घेतला. पहिल्यांदा ‘बघू’, नंतर ‘पुढच्या क्वार्टरला बघू’ आणि आता ‘जरा नीट अभ्यास करून या’ असे उत्तर मिळाले आहे. आणखी कोणता अभ्यास करायचा?

उत्तर : तुमच्या पत्राची दोन्ही पाने मी दोनदा वाचली. त्यांत कॉम्प्रेसरचा मेक, हवेचा दाब, विजेचा दर, तीन पुरवठादारांची कोटेशने असे सगळे आहे; त्या तीन बैठकांत तुमच्याशिवाय आणखी कोण कोण बसले होते, हे मात्र कुठेही नाही. मला वाटते, तुमचा राहिलेला अभ्यास तोच आहे.

‘बघू’ हा आपल्याकडच्या कचेऱ्यांतला फार सोयीचा शब्द आहे. त्यात होकार नसतो, नकार नसतो आणि समोरच्याचा अपमानही होत नाही. पण तुम्हाला मिळालेली तिन्ही उत्तरे सारखी नाहीत. नुसते ‘बघू’ याचा अर्थ बहुधा असा, की तुम्हाला माझ्याकडून नेमके काय हवे आहे ते मला कळलेले नाही. ‘पुढच्या क्वार्टरला’ असे म्हणणारा पैशांविषयी बोलत असतो. ‘अभ्यास करून या’ हे उत्तर मात्र सहसा तेव्हा येते, जेव्हा खोलीत बसलेल्या आणखी कोणालातरी ते पटलेले नसते आणि त्या माणसाला सर्वांसमोर डावलून तुमच्या बाजूने उभे राहण्याची साहेबांची तयारी नसते. तीन बैठकांत तुम्ही एकेक पायरी पुढे आला आहात, असाही याचा अर्थ लावता येईल.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून सांगतो. १९९६ साली ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात असताना, लाकडी कूलिंग टॉवर काढून तिथे फायबरचा बसवावा, असा प्रस्ताव मी संचालकांपुढे ठेवला होता. आठ दिवस खपून ट्रान्स्परन्सी तयार केल्या होत्या. प्रोजेक्टरचा बल्ब ऐन वेळी जाऊ नये म्हणून एक जादा बल्ब खिशात ठेवला होता. संचालकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, ‘प्लांट किती दिवस बंद राहील?’ मी म्हणालो, ‘चार-पाच दिवस सर, फार तर आठवडा.’ समोर बसलेल्या प्रॉडक्शन मॅनेजरांनी चष्मा काढला, पुसला आणि काहीही न बोलता पुन्हा लावला. तेवढे पुरेसे होते. चार दिवस आणि सात दिवस यांतल्या उत्पादनाचा फरक टॉवरच्या किमतीहून मोठा होता, आणि ही गोष्ट त्या खोलीत मला सोडून सर्वांना ठाऊक होती. टॉवर दोन वर्षांनी आला, तोही जुन्याच्या फळ्या खाली कोसळल्यावर. चष्मा पुसणाऱ्या त्या गृहस्थांच्या केबिनमध्ये आदल्या दिवशी दहा मिनिटे जाऊन बसलो असतो, तर शटडाउन कोणत्या तारखांना परवडेल हे त्यांनीच मला सांगितले असते.

जपानी कंपन्यांत, विशेषतः टोयोटात, या कामाला ‘नेमावाशी’ असा शब्द आहे. मुळात तो माळीकामातला शब्द. मोठे झाड हलवायचे असेल, तर आधी त्याच्या मुळांभोवतीची माती उकरून मुळे तयार करून घ्यायची, असा त्याचा अर्थ. बैठकीपूर्वी संबंधित प्रत्येक माणसाला वेगवेगळे भेटायचे, त्याची शंका समजून घ्यायची, प्रस्तावात त्याप्रमाणे बदल करायचा आणि मगच तो सर्वांसमोर ठेवायचा. आपल्याकडे याला पुष्कळदा ‘सेटिंग’ म्हणून नावे ठेवली जातात, आणि स्वतःच्या कामाविषयी अभिमान असलेले इंजिनिअर तर त्याला हमखास नावे ठेवतात. ज्या माणसाच्या लाइनची हवा तुम्ही बंद करणार आहात, त्याला ते आधी सांगणे यात सेटिंग कसले?

तेव्हा प्रथम प्रॉडक्शनवाल्यांकडे जा. नवे यंत्र जुन्याच्या शेजारी बसवून, हेडरला (हवेच्या मुख्य पाइपला) जोडणी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करता येईल का, आणि जुने यंत्र सहा महिने स्टँडबाय म्हणून ठेवता येईल का, हे त्यांच्यासोबत ठरवा. मग सीएफओंकडे (वित्त प्रमुखांकडे) जा. त्यांचा पहिला प्रश्न काय असेल, ते मी आताच सांगतो : ‘गळती मोजली का?’ दाबाखालच्या हवेची पाचव्या हिश्शापर्यंत, कधी त्याहूनही अधिक, गळती होणारे कारखाने अजिबात दुर्मीळ नाहीत, आणि जो माणूस फुटक्या होजमधून हवा जाऊ देतो आणि नवा कॉम्प्रेसर मागतो, त्याच्या हाती २९ लाख कोणी का द्यावेत? सुट्टीच्या दिवशी, हवा वापरणारी सगळी यंत्रे बंद असताना, सध्याचा कॉम्प्रेसर चालू ठेवा आणि तो किती वेळ लोड होतो (हवा भरतो) व किती वेळ अनलोड राहतो (नुसता फिरतो) हे घड्याळ लावून टिपा. तीन मिनिटे लोड आणि सात मिनिटे अनलोड असे आले, तर ३० टक्के हवा नुसती गळते आहे. आधी ते जोड बदला, पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे कागदावर घ्या. त्या दुरुस्तीमुळे कदाचित तुमची १८ टक्क्यांची बचत थोडी कमी दिसेल. दिसू द्या, स्वतःच्या प्रस्तावाविरुद्ध जाणारा आकडा स्वतःहून मांडणाऱ्या माणसाच्या उरलेल्या आकड्यांवर वरिष्ठांचा विश्वास बसतो.

आता त्या ३४ स्लाइड. ॲमेझॉन कंपनीने २००४ साली वरिष्ठांच्या बैठकांतून स्लाइड बंद केल्या आणि त्याऐवजी सलग मजकुराचे टिपण आणायला सांगितले; बैठकीच्या सुरुवातीला सगळे जण ते गप्प बसून वाचतात. टोयोटात अख्खा प्रश्न ए-थ्री आकाराच्या एका कागदावर मांडण्याची शिस्त आहे. रबाळ्यात सहा पानी टिपण कोणी वाचेल असे मला वाटत नाही, पण एक पान नक्की वाचतील. त्याच्या पहिल्या ओळीत मागणी असावी : किती रुपये, कोणत्या तारखेपर्यंत मंजूर व्हायला हवेत. त्याखाली हिशेब. तुमचा कॉम्प्रेसर वर्षाला ३३० दिवस चोवीस तास चालतो, म्हणजे सुमारे ५ लाख ९४ हजार युनिट. १८ टक्के म्हणजे १ लाख ७ हजार युनिट. युनिटला ९ रुपये धरले तर वर्षाला साडेनऊ लाखांहून थोडे अधिक. तीन वर्षांत पैसे वसूल. हा हिशेब तुमच्या प्रेझेंटेशनमध्ये सत्ताविसाव्या स्लाइडवर होता, असे तुम्हीच लिहिले आहे. फोन सातव्या स्लाइडला हातात घेतला गेला.

पानाच्या शेवटी, काही न केल्यास काय होईल, ते भीती न घालता लिहा. सोळा वर्षांचे यंत्र गेल्या बारा महिन्यांत किती वेळा आणि किती तास बंद पडले, एवढे पुरे. एमडींनाही वर संचालक मंडळाला उत्तर द्यावे लागते. तिथे त्यांना उच्चारता येईल असे एखादे वाक्य तुमच्या कागदात आहे का, ते एकदा तपासा. आणि पुढच्या वर्षाचे कॅपेक्स (नव्या यंत्रांसारख्या मोठ्या खरेदीचे) बजेट तुमच्याकडे कधी गोळा होते, ते सीएफओंनाच विचारा. मार्चअखेरीला नेलेला चांगला प्रस्तावसुद्धा ‘पुढच्या वर्षी’ या कप्प्यात जातो.

प्रश्न : मी ऐरोलीतील एका कंपनीत बॅक ऑफिसची प्रमुख आहे. संध्याकाळची शिफ्ट रात्री साडेदहापर्यंत वाढवण्याची चर्चा चालू होती, तेव्हा ‘मुलींची फार गैरसोय होईल, थोडा विचार व्हावा’ असे मी दोनदा म्हणाले. कोणी लक्ष दिले नाही. अर्ध्या तासाने सेल्सचे प्रमुख म्हणाले, ‘नऊनंतर लेडीज स्टाफ ठेवला तर गाड्यांचा खर्च आणि कायद्याचे लफडे,’ आणि लगेच निर्णय थांबला. सीईओ त्यांना म्हणाले, ‘गुड पॉइंट.’ मी काय वेगळे सांगितले होते?

उत्तर : काहीच वेगळे सांगितले नव्हते, आणि तुमचा राग रास्त आहे. बाईने सांगितले की ती तक्रार ठरते आणि पुरुषाने सांगितले की तो मुद्दा ठरतो, हा अनुभव इतक्या जणींनी या सदराला कळवला आहे की त्याला योगायोग म्हणण्यात अर्थ नाही. त्याची दुरुस्ती बैठक चालवणाऱ्या माणसाने करायची असते. तुमचे शब्द बदलून ती पुरती होणार नाही, हे आधी स्पष्ट करतो.

तरीही दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून पाहिली, तर आणखी एक फरक दिसतो. तुमच्या वाक्यात गैरसोय होती, त्यांच्या वाक्यात खर्च आणि कायदा होता. आणि गंमत म्हणजे कायदा त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त नीट माहीत असणार. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या अधिनियमाप्रमाणे महिलांना सकाळी ७ ते रात्री साडेनऊ या वेळेबाहेर काम द्यायचे असेल, तर त्यांची संमती लागते आणि त्यांच्या सुरक्षिततेची व घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था करावी लागते. तुमच्या विभागात संध्याकाळच्या शिफ्टला चाळीस जणी आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. चौघींमागे एक गाडी धरली तर दहा गाड्या. फेरीला १,४०० रुपये आणि महिन्याला २२ दिवस धरले, तर महिन्याचे ३ लाख ८ हजार रुपये. ‘थोडा विचार व्हावा’ याऐवजी हा आकडा बोलला गेला असता, तर तो अर्ध्या तासाने दुसऱ्याच्या नावावर जाणे बरेच अवघड झाले असते, कारण आकडा कोणी काढला हे लोकांच्या लक्षात राहते.

दुसरे असे, की विषय अजेंड्यावर आहे हे तुम्हाला आधी ठाऊक होते. आदल्या दिवशी सीईओंना दोन ओळी पाठवून, ‘शिफ्टच्या विषयात खर्चाचा आणि संमतीचा मुद्दा मी मांडणार आहे, पाच मिनिटे द्यावीत,’ असे कळवले की ती पाच मिनिटे तुमची होतात. आणि मुद्दा पुन्हा कोणी उचललाच, तर शांतपणे म्हणावे, ‘मघाशी मी हेच म्हणत होते, त्याचा हिशेब माझ्याकडे आहे, तो देते.’ कोणाचा पाणउतारा होत नाही आणि चर्चेची दोरी तुमच्याकडे परत येते. श्रेय मिळाले नाही म्हणून निर्णय चुकीचा व्हावा, अशी इच्छा मनात येते. ती येणे स्वाभाविक आहे, पण त्या चाळीस जणींपैकी कोणालाही परवडणारी नाही.

प्रश्न : तळोज्याच्या एका रासायनिक कारखान्यात मी प्रोसेस इंजिनिअर आहे. निर्यातीची मोठी ऑर्डर असल्यामुळे वार्षिक शटडाउन आणि त्यासोबतची सेफ्टी व्हॉल्व्हची (दाब फार वाढला की आपोआप उघडणाऱ्या झडपांची) तपासणी तीन महिने पुढे ढकलण्याचे ठरले. मी विरोध केला. ‘धोका आहे हे सिद्ध करून दाखव,’ असे मला सांगण्यात आले. ते मला जमले नाही. आता आणखी ताणावे की गप्प बसावे?

उत्तर : ‘धोका आहे हे सिद्ध करा’ हे वाक्य ऐकले की मला २७ जानेवारी १९८६ ची संध्याकाळ आठवते. अमेरिकेच्या चॅलेंजर यानाचे उड्डाण दुसऱ्या दिवशी व्हायचे होते आणि फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडणार होती. यानाचे रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या रॉजर बोझोली आणि इतर इंजिनिअरांनी टेलिफोनवरच्या बैठकीत सांगितले, की ५३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नये, कारण जोडातल्या रबरी कड्या थंडीत कडक होतात. बोझोली यांनी सहा महिने आधी, जुलै १९८५ मध्ये, वरिष्ठांना लेखी इशाराही दिला होता. नासाच्या अधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला. कंपनीने थोडा वेळ मागून घेतला आणि त्या आतल्या चर्चेत एका वरिष्ठाने दुसऱ्याला सांगितले, की इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची टोपी घाल. शिफारस बदलली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान नष्ट झाले आणि त्यातील सातही जण मृत्युमुखी पडले.

या घटनेत इंजिनिअर बरोबर होते, हे सगळे सांगतात. त्यांची मांडणी मात्र कमकुवत होती, हे कमी वेळा सांगितले जाते. तक्ते काही तासांत घाईने केलेले होते. ज्या उड्डाणांत कड्यांना त्रास झाला तेवढीच समोर होती. ज्यांत काहीच झाले नाही ती उड्डाणे आणि त्या दिवशीचे तापमान शेजारी मांडलेले नव्हते. उबदार हवेतल्या एका उड्डाणातही गरम वायू कडीपलीकडे गेला होता, तेव्हा ‘थंडीचाच दोष कशावरून?’ असे विचारायला वाव मिळाला. आणि सर्वांत घातक गोष्ट अशी, की उड्डाण सुरक्षित आहे हे दाखवण्याऐवजी, ते असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याचे ओझे त्यांच्या अंगावर आले. तुमच्या बैठकीत तेच घडले आहे.

ते ओझे परत टाका, पण भांडून नव्हे. ‘तीन महिने तपासणी न करता चालवणे सुरक्षित आहे, असे कोणत्या नोंदींवरून म्हणता येईल?’ एवढाच प्रश्न लेखी विचारा आणि त्या नोंदी तुम्हीच काढून द्या : गेल्या पाच तपासण्यांत कोणते व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबाला उघडले, कोणते चिकटले होते, कोणत्या रिअ‍ॅक्टरवरचे. चांगले निघालेलेसुद्धा त्याच तक्त्यात येऊ द्या. त्यासोबत तिसरा पर्यायही द्या, कारण वरिष्ठांपुढे ‘ऑर्डर’ आणि ‘शटडाउन’ असे दोनच मार्ग ठेवले तर ते ऑर्डर निवडणार. सर्वांत जोखमीच्या चार-पाच रिअ‍ॅक्टरांचे व्हॉल्व्ह, तपासून ठेवलेल्या स्पेअर व्हॉल्व्हने दोन बॅचच्या मधल्या वेळात बदलता येतील का? स्पेअर नसतील तर ते कधी मिळतील? कायद्याने ठरलेली एखादी मुदत या तीन महिन्यांत उलटते का, हे सेफ्टी ऑफिसरांकडून लेखी घ्या. ती उलटत असेल, तर निर्णयाचा अधिकार कारखान्यात कोणालाच उरत नाही.

बहुतेक बाबतींत माझा सल्ला असा असतो, की एकदा स्पष्ट बोलावे आणि निर्णय विरुद्ध गेला तरी मन लावून काम करावे. पाइपचा रंग, सॉफ्टवेअरची निवड, विभागाची रचना या गोष्टींत हे ठीक आहे. माणसांच्या जिवाचा प्रश्न असेल तिथे मी हा सल्ला देणार नाही. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयीचे प्रकरण घातले गेले आणि जवळ आलेला धोका व्यवस्थापनाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क कामगारांना मिळाला, तो उगाच नाही. कंपनी कायद्यातही स्वतंत्र संचालकांची हरकत मिटली नाही, तर ती मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवण्याचा आग्रह त्यांनी धरावा, असे सांगितले आहे. संचालकाला जे करायला सांगितले आहे ते इंजिनिअरने केले, तर त्यात आगाऊपणा नाही. दहा ओळींची, आरोप नसलेली टीप प्लांट हेडना द्या आणि पोच घ्या. तारीख घाला. कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र यातले एक अक्षरही टाकू नका. तिथे वाद होईल आणि व्हॉल्व्ह तसेच राहतील.

प्रश्न : वागळे इस्टेटमधील एका प्रेस पार्ट्सच्या कारखान्यात बावीस वर्षे हिशेब पाहतो. आमचे मोठे गिऱ्हाईक १२० दिवसांनी पैसे देते. हे बंद करा, असे आप्पांना (मालकांना) किती वेळा सांगितले, पण ते म्हणतात, ‘तुला धंद्यातले काय कळते?’

उत्तर : आप्पांचे ते गिऱ्हाईक बहुधा त्यांनी स्वतः, स्कूटरवर हेलपाटे घालून मिळवलेले असणार. ‘बंद करा’ म्हणताना तुम्ही नकळत त्या हेलपाट्यांना हात लावता. त्याऐवजी एका कागदावर एवढेच लिहा : महिन्याचे बिल २० लाख, चार महिन्यांची उधारी म्हणजे ८० लाख अडकलेले, त्यावर कॅश क्रेडिटचे (बँकेकडून घेतलेल्या खेळत्या कर्जाचे) ११ टक्क्यांनी वर्षाला ८ लाख ८० हजार व्याज. खाली त्याच गिऱ्हाइकापासून वर्षाला होणारा नफा. दोन आकड्यांच्या मधली रेघ आप्पांनाच मारू द्या.

तुमची नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या २००६ च्या अधिनियमाप्रमाणे ४५ दिवसांपलीकडे उधारी ठेवता येत नाही आणि उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येते. पण हे तुम्ही सांगू नका. सीए जेव्हा कारखान्यात येतात, तेव्हा त्यांच्याकडून सांगवा. आप्पा त्यांचे ऐकतात, असे तुम्हीच लिहिले आहे. मागणीही लहान ठेवा : गिऱ्हाईक सोडायचे नाही, फक्त पुढच्या ऑर्डरला ९० दिवस लिहून घ्यायचे. आणि हा कागद पगाराच्या आठवड्यात किंवा बँकेचा फोन येऊन गेल्यावर काढू नका. दुपारचा डबा झाल्यावर, चहा यायच्या आधी, केबिनमध्ये दुसरे कोणी नसताना काढा.